डेकचा आडोसा

सोमवार, ६ जानेवारी

सुतार जागा बघून गेला आणि त्याच्या पेन्सिलीपायी मला दुपारचं जेवण गेलं नाही. हा माणूस बोलता बोलता पेन्सिल कानात घालतो, आत सावकाश फिरवतो, बाहेर काढून टोकाकडे बघतो आणि त्याच टोकाने कागदावर आमच्या डेकचा, म्हणजे मागच्या दारी होणाऱ्या लाकडी चौथऱ्याचा, नकाशा काढतो. नकाशा त्याने माझ्या हातात दिला. मी तो चिमटीत धरून दारामागच्या खिळ्याला अडकवला आणि हात साबणाने धुतले.

मी बिस्किटांच्या कारखान्यात स्वच्छता तपासते. एका बिस्किटात केस सापडला की अख्खी थप्पी बाद, हे माझं काम. घरी मात्र काय काय पोटात घालावं लागतं ते इथेच लिहिते, कारण सांगायला कोणी नाही. बाबा ऐकतात. पण मागच्या दाराच्या पायऱ्यांवर त्यांना पक्षाघाताचा झटका आला, तेव्हापासून उजवी बाजू लुळी आणि वाचा बंद. चाळीस वर्षं वर्गात बोललेला मास्तर आता पाणी हवं असेल तर पेला ठोकतो. समजतं सगळं. डॉक्टर म्हणाले, जे परत यायचं ते या चारपाच महिन्यांत येईल, नंतर आशा कमी.

आमच्या धाकट्याने, म्हणजे माझ्या भावाने, त्यांच्यासाठी एक वृद्धांचं केंद्र बघून ठेवलंय. थंडी संपेपर्यंत बाबा आपल्या पायांनी घराबाहेर पडले नाहीत आणि दोन शब्द बोलले नाहीत, तर त्यांना तिकडे ठेवायचं, असं त्याने मला फोनवर सांगितलं. मी ते केंद्र बघून आले. उकडलेला कोबी, फिनेल आणि लघवी यांचा एकच मिळून वास. एका म्हाताऱ्याची कवळी त्याच्याच चहाच्या कपात तरंगत होती आणि वाढणारी बाई त्यात वरून चहा ओतत होती. बाबांना मी तिथे जाऊ देणार नाही.

म्हणून डेक. मागच्या दाराच्या पातळीत, उंबरा नाही, पायरी नाही. बाबांनी एक पाऊल टाकलं की उन्हात.

गुरुवार, ९ जानेवारी

सुताराला डेक म्हणजे हॉटेल वाटतं. त्याला गोलाई हवी, जमिनीत दिवे हवेत, कोपऱ्यात मांस भाजायची शेगडी हवी. मी त्याला सांगितलं, इथे एक आजारी माणूस काठी घेऊन चालणार आहे, बाकी काही होणार नाही. मग तो फळ्यांमधल्या फटींवर अडून बसला. त्याचं म्हणणं, बोटभर फट ठेवली नाही तर पाणी साचेल आणि लाकूड फुगेल. माझं म्हणणं, बोटभर फटीत काठीचं रबरी टोक अडकेल आणि बाबा तोंडावर पडतील. शेवटी फट करंगळीपेक्षा बारीक ठरली आणि फळ्या आडव्या बसवायच्या ठरल्या. असं सांगणारा मी पहिला माणूस आहे म्हणे. असेन.

कठड्याची जाडी ठरवायला बाबांच्या डाव्या हातात झाडूचा दांडा दिला, मग पडद्याचा पाइप, मग टेबलाचा सुटलेला पाय. टेबलाचा पाय त्यांनी घट्ट धरला आणि सोडेचनात. हसत होते बहुतेक. तोंड वाकडं झाल्यापासून नक्की कळत नाही. ओघळलेली लाळ मी पुसली.

रविवार, १२ जानेवारी

धाकटा येऊन गेला. बूट न काढता आत आला आणि बाबांच्या गादीवर टेकला. त्याची पँट बसच्या सीटवरून थेट बाबांच्या चादरीवर. तो गेल्यावर चादर धुवायला टाकली.

एक गोष्ट मात्र त्याने कामाची सांगितली. डेक दाराइतका उंच होणार म्हणजे आपण थेट मांजरवालीच्या अंगणात उभे असल्यासारखे दिसणार. मी इतके दिवस फटी मोजतेय आणि हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मांजरवाली म्हणजे शेजारची म्हातारी. बाबांच्या खोलीची खिडकी मागे उघडते आणि खिडकीला लागूनच तिची बुटकी भिंत. तिच्याकडे मांजरं किती ते तिलाही सांगता येणार नाही. त्यांच्यासाठी ती माशांची डोकी शिजवते, तो वास आमच्या पडद्यांत बसतो. तिच्या स्वेटरवर लोकरीपेक्षा केस जास्त. गेल्या वर्षी मी नगरपालिकेत अर्ज केला, माणूस येऊन बघून गेला, तिची दोन मांजरं घेऊन गेला. त्यानंतर तिने माझ्याशी बोलणं टाकलं. बरंच झालं.

"आडोसा घाल की," धाकटा म्हणाला, "फळ्यांची उंच भिंत. ती दिसायला नको."

आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या डोक्यातून काही स्वच्छ निघालं.

बुधवार, १५ जानेवारी

कारखान्यातून आले तर बाबांच्या शर्टाच्या बाहीवर मांजराचे केस. एक नाही, मूठभर. खिडकी उघडी, खिडकीच्या कट्ट्यावर बशीचा ओला गोल ठसा. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत.

म्हणजे मी कामाला गेले की हिची जनावरं खिडकीतून आत येतात, आजारी माणसाच्या अंगावर चढतात. सकाळी निघताना खिडकी लावली होती असं मला वाटत होतं, पण नसेल लावली. बाबा काही पलंगावरून उठून खिडकीपर्यंत जाऊ शकत नाहीत, मी धरल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. खुर्चीतही मीच बसवून गेले असणार. कामाच्या धबडग्यात माझंही डोकं ठिकाणावर नसतं. कडी सैल झाली असेल.

शर्ट बदलायला घेतला तर बाबांनी बाही डाव्या मुठीत धरून ठेवली. लहान मुलासारखा हट्ट. बोटं एकेक सोडवावी लागली. कट्टा जंतुनाशकाने पुसला.

शनिवार, १८ जानेवारी

व्यायाम शिकवणारी मुलगी आज खुशीत होती. बाबांचा पाय सुधारलाय, मांडीत जोर आलाय, ते दिवसभरात चालत असले पाहिजेत म्हणाली. आणि त्यांच्या तोंडून तिने "ये" काढून घेतलं. मग "हो". मग पुन्हा "ये, ये". मला इतका आनंद झाला की मी तिच्या बुटांच्या ठशांकडे दुर्लक्ष केलं.

जाताना तिने विचारलं, "दिवसभर यांच्याशी कोण बोलतं?"

मी म्हटलं, मीच. दुसरं आहे कोण?

"मग हेच चालू ठेवा," ती म्हणाली. "औषधापेक्षा याचाच उपयोग होतोय."

संध्याकाळी मी बाबांशी मुद्दाम जास्त बोलले. तोंड उघडा, पाय वर घ्या, दुसऱ्या कुशीवर वळा, पुन्हा सांडलंत. त्यांनी डोळे मिटून घेतले. दमले असतील.

मंगळवार, २१ जानेवारी

काम सुरू झालं. खांबांसाठी खड्डे खणले आणि जुन्या पायऱ्यांखालून जे निघालं ते मला विसरता येणार नाही. फुटलेल्या गटाराचा काळा चिखल, त्यात केसांचे गुंतवळे, आणि पाइपच्या तोंडाशी फुगलेली घूस. सुताराने ती काठीवर उचलली आणि मला दाखवायला दारापर्यंत आणली. त्याला ते गमतीचं वाटलं. मग हात पँटला पुसून डबा उघडला.

हा सुतार मांजरवालीकडून चहाही घेतो. भिंतीवरून ती कप देते आणि हा पितो. कपात केस असला तर वेगळे पैसे नाहीत, असा विनोद मलाच करून दाखवला.

वर मला म्हणाला, "बाबा तुमचे भारी गप्पिष्ट आहेत हो."

वाचा गेलेल्या माणसाबद्दल असं बोलायचं? मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. थट्टा करायची तर माझी करा, त्यांची नाही, असं सुनावलं. तो काहीतरी बोलणार होता, मग "मला काय करायचंय" म्हणून खड्ड्यात थुंकला. त्याच खड्ड्यात, जिथे आमच्या डेकचा खांब उभा राहणार आहे.

शुक्रवार, २४ जानेवारी

पुन्हा केस. आज मफलरवर. बाबा चक्क ताजेतवाने दिसत होते, गालावर रंग होता. म्हणून रागावले नाही, फक्त मफलर उकळत्या पाण्यात टाकला.

सोमवार, २७ जानेवारी

वाशांचा सांगाडा झाला. खांब ओळंब्यात आहेत, मी स्वतः दोरी सोडून बघितलं, कारण सुताराचा डोळा आणि सुताराची जीभ यांवर माझा सारखाच विश्वास आहे. उद्या आधी आडोसा, मग फळ्या.

आज त्याने पुन्हा कुरकुर केली. एवढा उंच आडोसा खिडकीला लागून उभा केला तर खोलीत अंधार होईल म्हणाला. निम्म्या उंचीचा करू, वर जाळी लावू. मी म्हटलं, जाळीतून वास येतो. मग म्हणाला, बाबांना एकदा विचारून बघा. मी विचारणार कसं आणि ते सांगणार कसं? नकाशा त्यांच्यासमोर धरला होता. त्यांनी डाव्या हाताने तो ढकलून दिला आणि पेला उलटा झाला. पाणी थेट गादीत. सुताराच्या पेन्सिलीचा कागद, मीसुद्धा ढकलला असता.

गुरुवार, ३० जानेवारी

आडोसा उभा राहिला. मी हात वर केला तरी माझी बोटं वरच्या कडेला पोचत नाहीत. एका फळीच्या कडेवर दुसरी फळी चढवलेली, सुईलाही वाट नाही. मी मागच्या दारात उभी राहून मोठा श्वास घेतला आणि फक्त लाकडाचा वास आला. इतक्या वर्षांत या घरात पहिल्यांदा. फळ्यांवरून हात फिरवला तर हात स्वच्छ राहिला. खरं सांगते, डोळे भरून आले.

पलीकडून मांजरवालीने काहीतरी हाक मारल्यासारखं वाटलं. मांजराला बोलावत असेल.

बाबा जेवले नाहीत.

बुधवार, ५ फेब्रुवारी

डेकच्या फळ्या बसल्या, कठडा बसला, पॉलिशचा पहिला हात झाला. आणि बाबा उठत नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून असतात. खिडकीजवळची खुर्ची मी जिथे ठेवते तिथेच असते. भात तोंडात धरून ठेवतात, गिळत नाहीत, मग तो कडेने बाहेर येतो. मला स्वतःच्या बापाची किळस येते आणि ती आली म्हणून आणखी किळस येते.

व्यायामवाली मध्येच येऊन बघून गेली. पाय गळालाय म्हणाली. "ये" म्हणायला सांगितलं तर त्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. गेल्या महिन्यात काय वेगळं होतं, ते आठवून बघा, असं ती दोनतीनदा म्हणाली. मी खूप विचार केला. पॉलिशचा उग्र वास, करवतीचा आवाज, भुसा. दुसरं काय बदललं? घर तर उलट पूर्वीपेक्षा स्वच्छ आहे. खोलीत दिवसा दिवा लावावा लागतो एवढंच.

शनिवार, ८ फेब्रुवारी

धाकटा उद्या येतोय. केंद्रात एक खाट रिकामी झालीय म्हणे. खाट रिकामी कशी झाली ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्या खाटेची गादी बदलतील का, हेच माझ्या डोक्यात घोळत राहिलं.

रविवार, ९ फेब्रुवारी

जसं घडलं तसं लिहिते.

धाकटा सकाळीच आला, केंद्राचे कागद घेऊन. डेक बघून "झकास" म्हणाला आणि कठड्याला टेकून केळं खाल्लं. साल फळ्यांवर ठेवली. मी बाबांना कपडे चढवले, मागचं दार उघडलं, ऊन आत आलं. धाकट्याने मोठ्या आवाजात, बहिऱ्याशी बोलावं तसं सांगितलं, "बाबा, चालून दाखवा." मला त्याच्या तोंडात ती साल कोंबावीशी वाटली.

बाबा हलले नाहीत. धाकट्याने माझ्याकडे बघितलं आणि खिशातून पेन काढलं.

तेवढ्यात पलीकडे ताटल्या वाजल्या. मांजरवाली मांजरांना वाढत होती. तो घाणेरडा वास आडोशावरून खाली उतरला. मी नाकाला पदर लावला. आणि बाबा उठले. मला न धरता. काठी डाव्या हातात, उजवा पाय ओढत, दारातून बाहेर. मी त्यांच्यासाठी उन्हात मांडलेल्या खुर्चीकडे त्यांनी पाहिलंही नाही. कठडा धरून, एकेक फळी ओलांडत, ते थेट आडोशापाशी गेले आणि काठीने फळी ठोकली. पेला ठोकतात तशी. पुन्हा पुन्हा.

ताटल्यांचा आवाज थांबला.

"मास्तर?" पलीकडून आवाज आला. "तुम्ही आहात? मला वाटलं, तुम्हाला नेलं. भिंत घातली म्हणजे माणूस नेलाच असणार, असं वाटलं मला. आठदहा दिवस जेवण जात नाहीये माझ्या घशाखाली."

बाबांनी कपाळ त्या स्वच्छ फळीला टेकवलं.

"नाही," ते म्हणाले. "इथं. इथंच... आहे."

जड होतं, चिकटलेलं होतं, पण शब्द होते. धाकटा हातात पेन धरून उभा. मग त्याने ते हळूच खिशात ठेवलं. "ताई, या दोघांचं हे कधीपासून चालू आहे?" असं त्याने विचारलं. खुर्ची, कडी, बाही, बशीचा ठसा. सगळं माझ्याच हातांनी पुसलं होतं मी.

कागद घेऊन तो परत गेला. केळ्याची साल मात्र तशीच टाकून गेला.

सोमवार, १० फेब्रुवारी

रजा टाकली. सुताराला बोलावून आडोसा खिडकीसमोर कापायला सांगितला. तो जाम भडकला. वाशांवर भार आहे, मधूनच कापलं तर सगळं खिळखिळं होईल, आणि आधी सांगत होतो तेव्हा तुम्ही नाक मुरडलंत. मी म्हटलं, बरोबर आहे, कापा. बाबा खुर्चीत बसून करवतीकडे सिनेमा बघावा तसं बघत होते. खिडकीएवढं भोक पडलं. कडा ओबडधोबड आहेत. माझ्या कारखान्यात असला माल बाद केला असता.

दिवसभर मांजरवाली आली नाही. बाबा दिवसभर बसून राहिले. शेवटी मीच तिच्या दारात गेले. आत पाऊल टाकलं असतं तर ओकले असते, म्हणून पायपुसण्यावरच उभी राहिले. तिच्या कडेवर एक लूत लागलेलं मांजर होतं आणि ती त्याला कुरवाळत होती. मी म्हटलं, भिंत कापलीय, येत जा. बाबा वाट बघतात.

"तुम्ही घरात असताना नाही यायची मी," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "तुम्ही बघता ना, तेव्हा मला मीच घाण वाटायला लागते. मास्तरांपुढे मला तसं बसायचं नाही."

मला खरंच तिची घाण वाटत होती, त्या क्षणीसुद्धा. खोटं काय बोलणार?

शनिवार, १५ फेब्रुवारी

व्यायामवाली म्हणते, पाय पुन्हा सुधारतोय. शब्दही आलेत. "चहा", "ऊन", "बस". माझ्यासमोर मात्र पेला ठोकतात. सवय असेल. मी रोज कामावरून आले की बशीचा ठसा तसाच ठेवते. त्याच्याकडे न बघता स्वयंपाकघरात जाते.

रविवार, १६ फेब्रुवारी

आज सुट्टी. तरी रोजच्या वेळेला साडी बदलली, पिशवी घेतली, बाबांना "कामावर जाते" म्हणून सांगितलं आणि बाहेर पडले. कोपऱ्यावरच्या बसथांब्याच्या बाकावर कोणीतरी काहीतरी चिकट सांडून ठेवलेलं. खाली वर्तमानपत्र पसरलं आणि बसले. बस येत होत्या, जात होत्या. ड्रायव्हर माझ्याकडे बघून थांबायचे, मी मान हलवायचे. बाजूला एक माणूस नखं दाताने कुरतडून थुंकत होता. मला घरी जावंसं वाटत होतं. माझं स्वतःचं घर, माझा स्वतःचा धुतलेला ओटा.

शेवटी गेले. कुलपाला किल्ली लावली तर आतून बोलण्याचा आवाज. मांजरवाली काहीतरी म्हणाली, ते कळलं नाही. मग बाबा. मी आधी त्यांचा आवाज ओळखलाच नाही, इतक्या दिवसांनी तो सलग चालत होता.

"पोरगी... चांगली आहे," बाबा म्हणत होते. एकेक शब्द ओढून आणत होते. "पण फार पुसते. सगळं... पुसते. मला पण."

मांजरवाली हसली. मग बाबा हसले. तोंड वाकडं झालं तरी हसणं तेच आहे त्यांचं, ते मला आजवर माहीत नव्हतं.

माझा हात किल्लीवर होता. दार उघडलं असतं तर हे थांबलं असतं. ती उठून गेली असती, त्यांनी पेला ठोकला असता, आणि मी त्यांची हनुवटी पुसली असती.

मी किल्ली आवाज न करता काढून घेतली आणि परत थांब्यावर जाऊन बसले. वर्तमानपत्र कोणीतरी उचलून नेलं होतं. तशीच बसले.